वाचक विचारतात: रेझिन, काच आणि ताणा-बाणा

फायबर आणि रेझिनविषयी आलेल्या पत्रांपैकी सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतली पाच या वेळी घेतली आहेत. पत्रे थोडक्यात दिली आहेत, उत्तरे मात्र लागतील तेवढी लांब आहेत.

प्रश्न: अक्कलकोट रस्ता एमआयडीसीत आमचे फायबरच्या दरवाजांचे छोटे युनिट आहे. एप्रिल लागला की रेझिन बादलीतच जमते. म्हणून हार्डनर निम्मा केला. आता माल साच्यातून निघतो, पण त्यात नख रुतते आणि जेलकोटला (सर्वांत बाहेरच्या रंगीत थराला) सुरकुत्या पडतात. रेझिनच खराब येते आहे का?

रेझिन खराब असण्याची शक्यता कमी, हार्डनर निम्मा केल्याची जास्त. पॉलिएस्टर रेझिन रंगासारखे वाळत नाही. त्यातल्या लांब साखळ्यांना रेझिनमध्येच असलेले स्टायरीन हे पातळ रसायन एकमेकींशी जोडत जाते आणि पातळ रसाचा घट्ट जाळीदार पदार्थ होतो. ही जोडणी सुरू करण्याचे काम तुम्ही ज्याला हार्डनर म्हणता त्या एमईकेपीचे (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइडचे). तो कमी पडला तर जोडणी सुरू होते, रेझिन जेलही होते, पण काम अर्धवट राहते. माल कडक दिसतो, हाताला कडक लागतो आणि नखाला मऊ राहतो.

म्हणून एमईकेपी वजनाने १ ते २ टक्के ठेवा, १ टक्क्याच्या खाली नको. एक किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम, म्हणजे साधारण ९ ते १७ मिली. बाटलीच्या झाकणाने मोजत असाल तर ती सवय आजच सोडा. एका झाकणात किती बसते हे कोणी मोजलेले नसते आणि प्रत्येक कारागिराचे झाकण वेगळे भरते. ग्रॅम दाखवणारा काटा आणि मिलीच्या खुणा असलेली प्लास्टिकची मोजनळी यांचा खर्च एका वाया गेलेल्या दरवाजात निघतो.

मग उन्हाळ्यात कमी काय करायचे? कोबाल्ट, म्हणजे एमईकेपीच्या कामाचा वेग वाढवणारे द्रावण. सहा टक्क्यांचा कोबाल्ट हजार ग्रॅम रेझिनला २ ते ३ ग्रॅम घालत असाल तर उन्हाळ्यात १ ग्रॅमवर या. डब्यावरची तीव्रता आधी वाचा, कारण बाजारात पातळ केलेला कोबाल्टही मिळतो आणि तो त्या हिशेबाने जास्त लागतो. ड्रममधले रेझिन मुळातच गुलाबी-जांभळट दिसत असेल तर त्यात कोबाल्ट घालूनच आलेला आहे. त्यात वरून आणखी घालणे म्हणजे बादलीत रेझिन जमवण्याची हमी.

तापमान दर १० अंशांनी वाढले की जेल होण्याचा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. ३० अंशांना २० मिनिटे मिळत असतील तर पत्र्याच्या शेडमध्ये ४२ अंशांना आठ-नऊच मिनिटे हातात राहतात. त्यात बादलीचा वेगळा त्रास. जमताना रेझिन स्वतः उष्णता सोडते. साच्यावर पसरलेल्या पातळ थरातून ती निघून जाते, बादलीत मात्र अडकून राहते आणि आणखी वेग वाढवते. त्यामुळे एका वेळी एक-दीड किलोच कालवा, तेही उथळ ट्रेमध्ये. सकाळी सहा ते दहा या वेळात लेअप (साच्यावर थर चढवण्याचे काम) उरका. ड्रम शेडच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. रेझिन टिकावे म्हणून घातलेले रसायन उन्हात हळूहळू खर्ची पडते आणि मग ड्रममध्येच गाठी धरतात. जुना ड्रम आधी संपवायचा.

आता सुरकुत्या. जेलकोट पुरता जमलेला नसताना त्यावर मॅटचा (कापलेल्या काचतंतूंच्या चटईचा) थर दिला की वरच्या रेझिनमधले स्टायरीन त्यात शिरते, तो फुगतो, बाजूला पसरायला जागा नसते, म्हणून चुरगळतो. याला कारणे तीन: जेलकोट ०.३ मिमीपेक्षा पातळ, त्यात एमईकेपी कमी, किंवा घाई. जेलकोट ०.४ ते ०.६ मिमी हवा, म्हणजे चौरस मीटरला साधारण ५०० ते ६०० ग्रॅम. खोलगट नक्षी असलेल्या दरवाजात स्टायरीनची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खळग्यात साचून बसते आणि नेमका तिथलाच जेलकोट उशिरा जमतो. पंख्याची हलकी हवा त्या खळग्यावरून जाऊ द्या. पुढचा थर कधी द्यायचा याची खूण बोटाची: साच्याच्या कडेला जेलकोटवर बोट टेकवा. बोट चिकटले पाहिजे, पण उचलल्यावर बोटाला रंग लागता कामा नये. रंग लागला तर थांबा. अजिबात चिकटले नाही तर उशीर झाला, थर नीट धरणार नाही.

माल पुरता पिकला की नाही हे पाहायला साच्याकडच्या बाजूवर कापसाने ॲसिटोन लावा, अर्धा मिनिट थांबा आणि घासा. चिकट लागले तर कच्चा. उघड्या बाजूची हलकी चिकट मात्र हवेतल्या ऑक्सिजनमुळे येते, तिच्यावरून निकाल लावू नका. शेवटच्या थराच्या रेझिनमध्ये मेण असले की तीही जाते. बारकोल मीटर (कडकपणा मोजणारे हातातले यंत्र) असेल तर ३५ च्या खालचा आकडा म्हणजे माल बाहेर पाठवू नये.

तुम्ही विचारलेले नाही, पण हिशेब दिला पाहिजे. ४५० ग्रॅमच्या चॉप मॅटला वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझिन लागते आणि एका थराची जाडी साधारण १ मिमी होते. दोन चौरस मीटरच्या ३ मिमी कातडीला तीन थर, म्हणजे २.७ किलो मॅट आणि सव्वासहा किलोच्या आसपास रेझिन. तिथे आठ-नऊ किलो जात असेल तर पैसे आणि मजबुती दोन्ही वाया. जास्तीचे रेझिन भार घेत नाही. ते जमताना ६ ते ८ टक्के आकसते, पल्ला वाकवते आणि कोपऱ्यात तडकते. थर ओला दिसेपर्यंत रेझिन घाला, मग लोखंडी रोलर मध्यापासून कडेकडे फिरवून हवा बाहेर काढा. मॅटमधला पांढरेपणा गेला की थांबा.

एक सक्त गोष्ट: कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, एकाच मापाने मोजूही नका. भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच एमईकेपी. एमईकेपी डोळ्यात गेला तर त्याच क्षणी, निदान १५ मिनिटे, वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि मग दवाखाना. आधी दवाखाना शोधत बसू नका.

प्रश्न: अशोक चौकाजवळ आमचे चादरीचे माग आहेत. काचेचे कापड विणून फायबरवाल्यांना देता येईल का? आणि त्याला चादरीसारखे घट्ट विणायचे की सैल?

येईल, पण धोट्याच्या मागावर नाही. रेपियर माग हवा, म्हणजे धोट्याऐवजी पट्टीच्या टोकाने बाणा ओढून नेणारा.

सुती धागा तुटला की कामगार गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू होतो. काचेला गाठ चालत नाही. गाठीच्या वळणावर काच मोडते, आणि नाही मोडली तरी तिथे रेझिनचा गोळा बसतो. सूत ताणाला थोडे देते-घेते. काच तीनेक टक्क्यांच्या पुढे ताणली की संपली. शिवाय ती खरखरीत असते: ज्या डोळ्यांतून धागा ओवला जातो ते लोखंडी असतील तर त्यांना खाचा पडतात आणि मग त्याच खाचा धागा कापतात. मार्गदर्शक डोळे सिरॅमिकचे लागतात, फणीचे दात गुळगुळीत लागतात, वेग कमी ठेवावा लागतो.

सर्वांत मोठा फरक खळीचा. तुमच्याकडे खळ म्हणजे ताण्याला मागावरचे घासणे सोसावे म्हणून लावायची आणि कापड उतरल्यावर धुऊन काढायची गोष्ट. काचेच्या रोव्हिंगला (न पिळलेल्या तंतूंच्या जाड जुडग्याला) जी खळ असते ती कारखान्यातच लावलेली असते आणि ती धुवायची नसते. त्यात सिलेन असते. सिलेनचे एक टोक काचेला धरते, दुसरे रेझिनला. हा धरण्याचा पातळ पडदा नसेल तर काच आणि रेझिन एका पातेलीत असून एकमेकांना ओळखत नाहीत. त्यावर तुम्ही सुती पद्धतीची स्टार्चची खळ चढवली तर रेझिन काचेपर्यंत पोचतच नाही. बारीक काचेच्या सुताला विणण्यासाठी स्टार्च-तेलाची खळ देतात खरी, पण मग कापड भट्टीत तापवून ती जाळून टाकतात आणि नव्याने सिलेन चढवतात. ती भट्टी तुमच्याकडे नाही. म्हणून सुरुवात करायची तर रोव्हिंगच्या जाड कापडाने, ३०० ते ६०० ग्रॅमच्या.

घट्ट की सैल? तुमच्या चादरीचा गुण इथे दोष होतो. साध्या विणीत धागा एकाखाली एक, एकावर एक असा लाटेसारखा जातो. ओढ पडली की तो आधी सरळ व्हायला बघतो आणि त्या नादात भोवतीच्या रेझिनला चेपतो. धाग्याची खरी ताकद त्यानंतर कामाला लागते. वीण जितकी घट्ट, लाट तितकी उंच आणि ताठपणा तितका कमी. शिवाय घट्ट कापडात रेझिन शिरत नाही, मध्ये कोरडे पांढरे ठिपके राहतात. दोनावर-दोनाखालच्या टविलमध्ये वळणे कमी, साटीनमध्ये त्याहून कमी. ही कापडे साच्याच्या गोलाईत छान बसतात, पण कापताना सुटतात, म्हणून काठ लेनोने (ताण्याचे धागे एकमेकांभोवती वळवणाऱ्या विणीने) बांधावा लागतो.

हाताला हा फरक लगेच कळतो. ६०० ग्रॅमचे विणलेले कापड वजनाच्या बरोबरीने रेझिन घेते आणि थर जेमतेम पाऊण मिलिमीटरचा होतो. ४५० ग्रॅमची मॅट दुप्पट-अडीचपट रेझिन पिऊन एक मिलिमीटर होते. जाड मॅटचा, मजबूत कापडाचा. घनफळाने पाहिले तर मॅटमध्ये काच १७ टक्क्यांच्या आसपास, कापडात ३२ टक्क्यांच्या आसपास. ताण्याच्या दिशेने निम्मी काच आणि बाण्याच्या दिशेने निम्मी, आणि तिरप्या ४५ अंशांच्या ओढीला फारसे कोणीच नाही. म्हणून गिऱ्हाईक कापड एक आड एक तिरपे टाकतो. टॉवेलच्या टेरी फासांना मात्र इथे काही काम नाही.

काचेची कूस (उडणारे बारीक तंतू) अंगाला खाजवते, हवा खेळती ठेवा, पूर्ण बाह्या घाला. कार्बनच्या धाग्याचा विचारही त्याच शेडमध्ये करू नका: कार्बनची उडती कूस वीज वाहून नेते, मोटारीच्या आणि पॅनेलच्या आत बसली की शॉर्ट करते. आमचे मत विचाराल तर आधी गिऱ्हाईक, मग माग. रुंदी, ग्रॅम, वीण आणि कोणत्या रेझिनसाठी, हे कागदावर घेतल्याशिवाय एकही बीम भरू नका.

प्रश्न: अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आम्ही घायपाताचे तंतू ५ मिमी कापून इपॉक्सीत घातले. लवकर जमावे म्हणून २०० ग्रॅम रेझिनला ३० ग्रॅम हार्डनर घातला. तंतू ४ टक्के. ताणचाचणीत नुसत्या इपॉक्सीपेक्षाही ताकद कमी आली. चूक कुठे?

चार ठिकाणी, आणि चौथी तुम्ही लिहिलेली नाही.

इपॉक्सीचा हार्डनर म्हणजे एमईकेपी नव्हे. एमईकेपी सुरुवात करून देतो, इपॉक्सीचा हार्डनर स्वतः जाळ्यात बसतो. कॉलेजांत चालणाऱ्या एलवाय ५५६ ला एचवाय ९५१ वजनाने १०० ला १० ते १२ हे प्रमाण असते. तुम्ही १५ घातला. जास्तीच्या हार्डनरला जोडीला इपॉक्सी उरत नाही, तो तसाच आत मोकळा राहून पदार्थ मऊ करतो. लवकर जमवायचे असेल तर तापमान वाढवा, प्रमाण नाही.

दुसरी चूक लांबीची. भार तंतूवर टोकांकडून चढतो, भोवतीच्या रेझिनच्या पकडीतून. तंतू आखूड असेल तर पूर्ण भार चढण्याआधीच तो सुटून येतो. पुरेशी लांबी काढायचे सूत्र सोपे: तंतूची ताकद गुणिले व्यास, भागिले पकडीच्या दुप्पट. ताकद ५०० मेगापास्कल, व्यास ०.१५ मिमी, पकड ५ मेगापास्कल धरली तर ७.५ मिमी येते. तुमचे तंतू ५ मिमीचे. म्हणजे नमुना तुटताना तंतू तुटलेच नाहीत, उपटले गेले. तुटलेल्या तोंडावर भिंग धरा: बाहेर आलेली टोके आणि त्यांच्या शेजारी स्वच्छ भोके दिसतील. काचेच्या १२ मायक्रॉनच्या तंतूला हाच हिशेब २००० मेगापास्कल आणि २० मेगापास्कल पकड धरून ०.६ मिमी देतो, म्हणून काच इतकी माफ करते. तुम्ही ३० मिमी तरी ठेवा.

तिसरी, प्रमाण. ४ टक्के तंतू भार उचलायला अपुरे आणि रेझिनच्या सलगपणात व्यत्यय आणायला पुरेसे. एका मर्यादेखाली तंतू म्हणजे भोकेच. १५ टक्के घनफळ धरा. ३०० × ३०० × ३ मिमीच्या पाटीचे घनफळ २७० घनसेंमी. तंतू ४०.५ घनसेंमी, घनता १.४ धरून ५७ ग्रॅम. उरलेल्या २२९.५ घनसेंमीला १.१५ ने गुणून २६४ ग्रॅम, म्हणजे रेझिन २४० आणि हार्डनर २४. सांडलवंडीसाठी दहा टक्के वर घ्या, प्रमाण तेच ठेवून. हे सगळे एका मगात कालवू नका, मगातच उकळेल.

आणि चौथी: ओल. घायपात कोरडा दिसला तरी हवेतली ८ ते १२ टक्के ओल धरून असतो. तुमच्या ५७ ग्रॅममध्ये पाच-सहा ग्रॅम पाणी. तापल्यावर त्याची वाफ होते आणि बुडबुडे राहतात. ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात दोन ते चार तास भिजवा (कॉस्टिक पाण्यात टाकायचे, कॉस्टिकवर पाणी नाही, हातमोजे हवेतच). त्याने मेणकट थर जातो आणि पृष्ठभाग खरबरीत होऊन पकड वाढते. पाणी उदासीन होईपर्यंत धुवा, उन्हात वाळवा, मग १०० ते १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये. लागोपाठ दोन वजने सारखी आली की वाळला. थंड होताच वापरा, रात्रभर टेबलावर ठेवलात तर पहिल्यापासून सुरू.

चाचणीला एएसटीएम डी ३०३९ प्रमाणे २५० × २५ मिमीच्या पट्ट्या, निदान पाच. नुसत्या इपॉक्सीची पाटीही त्याच दिवशी, त्याच डब्यातून ओता, नाहीतर तुलना कशाशी?

प्रश्न: मंगळवेढ्याजवळ शेतावर फायबरची पाण्याची टाकी आहे. तळाशी वीतभर चीर गेली. बाजारातली पुटी लावली, आठवड्यात सुटली. शिवाय गोठ्यावरचा फायबरचा पत्रा पिवळा पडून त्यावर काचेचे केस उभे राहिलेत.

चीर का पडली ते आधी पाहा. टाकी दगडांवर किंवा उंच-सखल जमिनीवर असेल तर तळ भरल्यावर दोन दगडांच्या मध्ये वाकतो आणि तिथेच फाटतो. सपाट ओटा केल्याशिवाय दुरुस्ती टिकणार नाही.

टाकी रिकामी करून दोन दिवस उन्हात वाळवा. चिरेच्या दोन्ही टोकांना ५-६ मिमीचे भोक पाडा म्हणजे ती पुढे पळणार नाही. मग ग्राइंडरने चिरेच्या दोन्ही अंगांना उतार काढा, जाडीच्या बारापट. भिंत ५ मिमीची असेल तर प्रत्येक बाजूला ६० मिमी. चकाकी कुठेही राहता कामा नये. पुटी सुटली ती याच चकाकीवर लावल्याने. स्वच्छ सुती फडक्यावर ॲसिटोन घेऊन पुसा, ते उडू द्या.

जुन्या, पिकलेल्या पॉलिएस्टरला नवे पॉलिएस्टर मनापासून धरत नाही. व्हिनाइल एस्टर (जास्त घट्ट धरणारे, पण तसेच स्टायरीन असलेले रेझिन) किंवा इपॉक्सी घ्या. इपॉक्सी घेतलीत तर साधी चॉप मॅट नको: बहुतेक मॅटमधला बांधणारा डिंक स्टायरीनमध्ये विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसते, त्यामुळे मॅट ताठ आणि पांढरीच राहते. तिथे विणलेले कापड वापरा. व्हिनाइल एस्टरला ४५० ची मॅट चालते, ५ मिमीला पाच थर. सर्वांत मोठा तुकडा आधी, म्हणजे उताराचा सगळा पृष्ठभाग एका अखंड थराखाली येतो, त्यावर लहान होत जाणारे. तीन थरांनंतर थांबून थंड होऊ द्या. शेवटच्या थरात मेण घातलेले रेझिन. एक दिवस ठेवा, नंतर दोन-तीन दिवस ऊन द्या. प्यायचे पाणी असेल तर गरम पाण्याने भरून रात्रभर ठेवा आणि ओतून द्या, वास जाईपर्यंत. इतके झेपत नसेल तर हे काम कारागिराला द्या, पण उतार काढताना स्वतः उभे राहा.

पत्र्याचे केस म्हणजे उन्हाने वरचे रेझिन झिजून उघडी पडलेली काच. हातमोजे घालून ताठ ब्रशने पाण्याखाली घासा, वाळवा, उन्हाला टिकणाऱ्या पारदर्शक ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचे दोन हात द्या. पिवळेपणा जाणार नाही. नवा घेताना वर अतिनील किरण अडवणारा थर आहे का ते विचारा आणि तोच थर आकाशाकडे बसवा. कारागीर उलटा बसवतात.

प्रश्न: कार्बन फायबर पोलादापेक्षा पाचपट मजबूत म्हणतात. मग आमच्या यंत्राचा ४ मिमीचा पोलादी कंस तेवढ्याच जाडीच्या कार्बनचा केला तर पाचपट ताठ होईल ना?

नाही. मजबुती आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो आकडा नुसत्या तंतूचा असतो. तंतूचा ताठपणा २३० गिगापास्कलच्या आसपास, पोलादाचा २००. पण इपॉक्सीत ६० टक्के तंतू एकाच दिशेला घातले तर त्या दिशेने १४० च्या आसपास मिळतात आणि आडवे आठ-दहा. कंसावर ओढ चारी बाजूंनी असेल तर तंतू चार दिशांना वाटावे लागतात आणि हाती ५० च्या आसपास राहतात. तेवढ्याच जाडीत तुमचा कंस पोलादापेक्षा जास्त वाकेल. फायदा वजनाचा: घनता १.६, पोलादाची ७.८५. वाचलेल्या वजनातून जाडी वाढवली तर गणित जमते, जागा असेल तर. भोके पाडाल तिथे जादा थर द्या, आणि ॲल्युमिनियमचा भाग कार्बनला थेट टेकू देऊ नका. मध्ये काचेच्या कापडाचा एक थर घाला, नाहीतर ओलीत ॲल्युमिनियम कुजते.